कोपरा कापलेला पासपोर्ट

भारतीय पासपोर्टची कोरी पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. पुढे ती मुंबईच्या पासपोर्ट कार्यालयातून हातात पडो, नाहीतर जेद्दा, ह्यूस्टन किंवा मेलबर्नच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून, तिचा प्रवास महाराष्ट्रातूनच सुरू झालेला असतो. मुदत संपल्यावर ती बऱ्याचदा परत महाराष्ट्रातच येते. परदेशात राहणारा मुलगा किंवा मुलगी तिकडेच नवा पासपोर्ट काढते आणि पुढच्या सुट्टीत येताना जुना आईवडिलांकडे ठेवून जाते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सातबारा, रेशनकार्ड ज्या पिशवीत असतात, त्याच पिशवीत तोही जाऊन पडतो. तो आता कशाला लागणार, असं सगळे धरून चालतात आणि गडबड होते ती इथेच.

अंबड तालुक्यातलं आमचं अंकुशनगर साखर कारखान्याभोवती वसलेलं. समर्थ सहकारी साखर कारखाना आणि भोवती ऊस, ही इथली ओळख. गावाला नाव आहे ते कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे यांचं. अशा गावात पासपोर्ट ही एकेकाळी अपूर्वाईची वस्तू होती. आता टपाल कार्यालयांतही पासपोर्ट सेवा केंद्रं निघाली आहेत, २०१७ पासून. पुण्यात शिकून पुढे परदेशी गेलेला इंजिनिअर, आखातात नोकरीला असलेला फिटर, उमराह करून आलेलं जोडपं, अशा कुणाच्या ना कुणाच्या नावाचा पासपोर्ट घरात असतो. नवा कसा काढायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. जुन्याचं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आधी परदेशात नेमकं काय घडतं ते पाहू. मोठ्या माणसाच्या पासपोर्टची मुदत दहा वर्षांची. ती संपत आली, किंवा पानं भरली, की तिथल्या भारतीय दूतावासाकडे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत जुना पासपोर्ट मूळ स्वरूपात द्यावा लागतो. मुदत वाढवून मिळत नाही, नवी पुस्तिकाच मिळते आणि तिचा क्रमांकही नवा असतो. जुन्यावर 'रद्द' असा शिक्का मारतात, बहुधा मुखपृष्ठाचा कोपरा कापतात आणि तो अर्जदाराला परत देतात. परत का देतात, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ नुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. त्याचा काही उपयोगच उरला नसता, तर सरकारने तो ठेवून घेतला असता. त्याचं काम अजून शिल्लक असू शकतं, म्हणून तो परत मिळतो.

दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून पाहा. सध्या बहुतेकांकडे असलेल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं, आईचं आणि जोडीदाराचं नाव असतं, खाली पत्ता. त्याच पानावर एक ओळ असते, तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही: जुन्या पासपोर्टचा क्रमांक, तो दिल्याची तारीख आणि ठिकाण. ही ओळ दोन पुस्तिकांना जोडणारा धागा आहे. विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे क्रमांक न जुळणारे दोन पासपोर्ट ठेवले, तरी हे एकाच माणसाचे आहेत ही खात्री त्याला या ओळीवरून करून घेता येते. नवा पासपोर्ट हातात आला की पहिल्यांदा ही ओळ तपासावी. ती चुकली असेल, तर दुरुस्ती त्याच दूतावासातून लगेच करून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा, व्हिसाचा. पासपोर्टची मुदत आणि व्हिसाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासपोर्ट आपलं सरकार देतं, व्हिसा दुसऱ्या देशाचं. आपल्या सरकारने आपला पासपोर्ट रद्द केला म्हणून दुसऱ्या देशाने दिलेला व्हिसा आपोआप रद्द होत नाही. अमेरिकेचं धोरण याबाबत स्पष्ट आहे. जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा मुदतीत असेल, फाटलेला-खराब झालेला नसेल आणि दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे व एकाच प्रकारचे असतील, तर दोन्ही सोबत ठेवून प्रवास करता येतो. तिथला अधिकारी जुन्यातला व्हिसा पाहतो, शिक्का नव्यात मारतो आणि शेजारी 'व्हीआयओपीपी' अशी अक्षरं लिहितो. व्हिसा दुसऱ्या पासपोर्टमध्ये आहे, एवढाच त्याचा अर्थ. काही जण हौसेने तो व्हिसा सोडवून नव्या पासपोर्टमध्ये चिकटवायला जातात. तसं केलं की व्हिसा बाद झालाच म्हणून समजा. कोपरा कापायला दूतावासाकडे पासपोर्ट देतानाच, आत चालू व्हिसा आहे हे अर्जात आणि खिडकीवर दोन्हीकडे सांगावं, म्हणजे कात्री त्या पानापर्यंत जात नाही.

मग अडचण येते कुठे? मुलगा नवा पासपोर्ट घेऊन अंकुशनगरला आला, जुना आईकडे दिला, महिनाभर राहिला आणि परत निघाला. मुंबईला विमान कंपनीच्या खिडकीवर विचारणा होते, व्हिसा कुठे आहे? व्हिसा असतो कपाटातल्या पिशवीत, चारशे किलोमीटर मागे. तिथल्या कर्मचाऱ्याचा राग येतो, पण त्याचा इलाज नसतो. पुरेशी कागदपत्रं नसलेला प्रवासी नेला, तर त्याला परत आणण्याचा खर्च आणि दंड विमान कंपनीवर पडतो. म्हणून कंपन्या टिमॅटिक नावाच्या प्रणालीत प्रत्येक देशाचे नियम पाहूनच बोर्डिंग पास देतात. व्हिसाचा फोटो मोबाईलवर दाखवून भागत नाही. त्यामुळे ज्या जुन्या पासपोर्टमध्ये चालू व्हिसा आहे, तो घरी ठेवायचाच नाही. त्याची जागा नव्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये, त्याच्या पाठीमागे.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांसाठी आणखी एक बाब फार महत्त्वाची आहे आणि ती पुष्कळांना उशिरा कळते. देशात शिरताना अधिकारी राहण्याची जी शेवटची तारीख देतो, ती 'आय-९४' या नोंदीत असते. नोकरीचा परवाना २०२८ पर्यंतचा असला, तरी पासपोर्टची मुदत २०२६ ला संपत असेल, तर ही तारीख अनेकदा पासपोर्टच्या मुदतीपुरतीच दिली जाते. पुढे तिथेच नवा पासपोर्ट काढला म्हणजे प्रश्न सुटला असं वाटतं. पण 'आय-९४' वरची तारीख जुन्या पासपोर्टला बांधलेली असते, ती आपोआप पुढे सरकत नाही. ती उलटून गेली की माणूस कायद्याच्या दृष्टीने बेकायदा राहणारा ठरतो. दरवेळी देशात शिरल्यावर ही नोंद संकेतस्थळावर उघडून तारीख वाचायची सवय लावून घ्यायला हवी. फोनवर जेवणाची आणि थंडीची चौकशी करणाऱ्या आईवडिलांनी एकदा हेही विचारावं.

आखातात आणि ब्रिटनमध्ये चित्र बदललं आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून निवासाचा परवाना पासपोर्टवर चिकटवणं बंद झालं; तो आता एमिरेट्स आयडी कार्डाशी जोडलेला असतो. सौदीत इकामा हे निवासाचं वेगळं कार्ड आहेच. ब्रिटनमधली बहुतेक निवास परवान्याची कार्डं २०२४ च्या अखेरीस संपली आणि त्यांची जागा ई-व्हिसाने घेतली. या देशांत जुना पासपोर्ट बाळगण्यापेक्षा नव्याचा क्रमांक सरकारी नोंदीत चढवणं जास्त गरजेचं. सौदीत ते 'अबशर' या सरकारी पोर्टलवर किंवा मालकामार्फत होतं, ब्रिटनमध्ये स्वतःच्या ई-व्हिसा खात्यात. हे राहून गेलं, तर पासपोर्ट नवा आणि नोंद जुनी अशी स्थिती होते आणि विमानतळावर खोळंबा होतो. इकडच्या बँकेतल्या अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्यांनाही नवा पासपोर्ट दाखवावा लागतोच.

इथवर सांगितलं ते रद्द झालेल्या पासपोर्टबद्दल. हरवलेल्या पासपोर्टची गोष्ट पूर्ण वेगळी आहे आणि या दोहोंत गल्लत करणं सर्वांत महागात पडतं.

परदेशात पासपोर्ट हरवला की तिथल्या पोलिसांत तक्रार द्यायची आणि दूतावासाला कळवायचं. दूतावास जुना क्रमांक बाद करून नवा पासपोर्ट देतो. लगेच भारतात यायचं असेल, तर इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, जे फक्त भारतात येण्याच्या एका प्रवासापुरतं चालतं. हरवल्याची नोंद मात्र जगभर पोहोचू शकते. इंटरपोलने २००२ मध्ये चोरीच्या आणि हरवलेल्या प्रवासी कागदपत्रांची एक जागतिक नोंदवही सुरू केली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तिची निकड सगळ्यांनाच पटली होती. देशोदेशींची सरकारं आपापल्या नागरिकांचे हरवलेले क्रमांक तिच्यात भरतात आणि विमानतळावरच्या यंत्रणेला ते तपासता येतात.

ही नोंदवही तपासली नाही, तर काय होतं हे ८ मार्च २०१४ ला जगाने पाहिलं. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं एमएच-३७० हे विमान २३९ जणांसह बेपत्ता झालं. प्रवाशांची यादी तपासताना कळलं, की दोघे जण दुसऱ्याच माणसांच्या पासपोर्टवर चढले होते. एक पासपोर्ट ऑस्ट्रियाचा, दुसरा इटलीचा. दोन्ही थायलंडमध्ये २०१२ आणि २०१३ मध्ये चोरीला गेलेले आणि दोन्ही इंटरपोलच्या नोंदीत असलेले. ते दोघे इराणी तरुण युरोपात आसरा शोधायला निघाले होते; विमान बेपत्ता होण्याशी त्यांचा संबंध आढळला नाही. पण एखाद्याचा हरवलेला पासपोर्ट किती दूरवर जाऊन वापरला जातो, हे तेव्हा सर्वांसमोर आलं. ज्यांचे ते पासपोर्ट होते, त्यांनी चोरीची तक्रार वेळेवर दिली होती म्हणूनच ते निर्धास्त राहू शकले. पासपोर्ट हरवल्यावर 'सापडेल दोन दिवसांत' म्हणून तक्रार लांबवू नये, याचं याहून मोठं कारण मला माहीत नाही.

आता उलट बाजू. नवा पासपोर्ट मिळाला आणि चार महिन्यांनी जुना एखाद्या बॅगेच्या अस्तरात सापडला. त्याचा कोपरा कापलेला नाही, त्यावर शिक्का नाही, मुदतही शिल्लक आहे. आतमध्ये एखादा चालू व्हिसासुद्धा आहे. दिसायला तो अगदी धडधाकट. पण हरवला म्हणून नोंद झाली त्या दिवशीच तो कायमचा बाद झाला. सापडला म्हणून नोंद उलटी फिरत नाही. त्यातल्या व्हिसाचाही भरवसा राहत नाही; पासपोर्ट हरवल्याचं त्या देशाच्या वकिलातीला कळवलेलं असेल तर तो व्हिसाही बाद होतो, आणि जुना पासपोर्ट पुन्हा हातात आला तरी व्हिसा नव्यानेच काढावा लागतो. असा पासपोर्ट घेऊन कुणी विमानतळावर गेलं, तर स्वतःच्याच पासपोर्टवर प्रवास करतानाही त्याला बाजूला घेतलं जाईल आणि तासन्‌तास जाब द्यावा लागेल. सापडलेला पासपोर्ट दूतावासात किंवा इकडच्या पासपोर्ट कार्यालयात जमा करायचा आणि पोच घ्यायची. तो रद्द करून परत देण्याची विनंती हवी तर तिथेच करावी.

आखातातल्या कामगारांच्या बाबतीत 'हरवला' हा शब्द कधी कधी नाइलाजाने लिहिला जातो. मालक पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतो आणि मागितला तर देत नाही. मालकाला असा हक्क नाही. आखातातल्या बहुतेक देशांचे स्वतःचे नियमही याला मनाई करतात आणि आपल्या कायद्याप्रमाणे तर पासपोर्ट भारत सरकारचा आहे. अशा वेळी एजंट सुचवतो, हरवला असं सांग आणि नवा काढ. ते खोटं आहे आणि उद्या मालकाने तोच पासपोर्ट पुढे केला, तर अडकणार तो कामगारच. दूतावासात जाऊन मालकाने ठेवून घेतला आहे असं खरं तेच लिहून द्यावं. भारतीय दूतावासांत कामगारांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र अधिकारी असतात आणि परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे पोर्टलही आहे. घरच्यांना इथे बसूनही त्यावर तक्रार नोंदवता येते. ज्यांचं शिक्षण दहावीपर्यंत झालेलं नाही, त्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो आणि आखातासह अठरा देशांत नोकरीला जाताना त्यांना सरकारची परवानगी लागते. ती परवानगी ज्या पासपोर्टवर मिळाली, त्या जुन्या पासपोर्टची झेरॉक्स घरी असलीच पाहिजे. वाद झाला तर तोच पुरावा.

परदेशात स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांचा जुना भारतीय पासपोर्ट आणखी वेगळ्या वर्गात मोडतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणं हा गुन्हा आहे, मग त्याची मुदत आठ वर्षं शिल्लक असली तरी. तो दूतावासात जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं असतं. पासपोर्ट रद्द होऊन परत मिळतो आणि प्रमाणपत्र वेगळं. पुढे ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड काढताना हे प्रमाणपत्र मागतात.

ओसीआयधारकांना जुन्या पासपोर्टने अनेक वर्षं छळलं. पूर्वी कार्डासोबत आयुष्यभराच्या व्हिसाचं चिकटपत्र परदेशी पासपोर्टवर लावलं जायचं. तो पासपोर्ट संपला की चिकटपत्र जुन्यात आणि माणूस नव्यावर, त्यामुळे दोन्ही घेऊन फिरावं लागे. कार्डावरही जुन्याच पासपोर्टचा क्रमांक असे. जुना सोबत आणला नाही म्हणून आजीच्या अंत्यदर्शनाला निघालेली माणसं परदेशी विमानतळावरून परत फिरल्याचे प्रसंग घडले. मार्च २०२१ मध्ये सरकारने हा जुना पासपोर्ट सोबत ठेवण्याची अट काढून टाकली. एप्रिल २०२१ मध्ये कार्ड पुन्हा काढण्याचे नियमही सोपे झाले: विशीच्या आत कार्ड मिळालं असेल, तर विशीनंतर नवा पासपोर्ट मिळाल्यावर एकदा नवं कार्ड काढायचं. इतरांनी ठरावीक प्रसंगी नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो संकेतस्थळावर चढवायचा, तीन महिन्यांच्या आत. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता.

जुन्या पासपोर्टचं महत्त्व मला सर्वांत जास्त जाणवतं ते ओसीआयच्या पात्रतेत. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर भारताचा नागरिक असलेल्या व्यक्तीची मुलं, नातवंडं आणि पतवंडंसुद्धा ओसीआयला पात्र ठरतात. पण ती व्यक्ती भारतीय नागरिक होती हे सिद्ध करावं लागतं. खेड्यात जन्मलेल्या जुन्या माणसांचे जन्मदाखले अनेकदा नसतात. असले तर त्यावर नाव नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतं. अशा वेळी आजोबांचा रद्द झालेला पासपोर्ट एकाच कागदात नागरिकत्व, जन्मतारीख, जन्मगाव आणि आईवडिलांची नावं दाखवतो. सिडनीत जन्मलेल्या पतवंडाचा हक्क जालना जिल्ह्यातल्या एखाद्या पत्र्याच्या पेटीत पडलेला असू शकतो.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच बदलतं असं नाही, मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. माहेरच्या नावाचा जुना पासपोर्ट आणि सासरच्या नावाचा नवा, यांत पहिलं नाव सोडलं तर काहीच जुळत नाही. जुन्यात चालू व्हिसा असेल, तर दोन्ही पासपोर्टसोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मूळ स्वरूपात बाळगावं. पदवीचं प्रमाणपत्रही माहेरच्या नावाचंच असतं आणि परदेशात नोकरीसाठी ते दाखवताना 'हीच ती' हे सांगायला जुना पासपोर्ट कामी येतो.

उरले ते शिक्के. कॅनडाच्या नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १०९५ दिवस तिथे राहिल्याचं दाखवावं लागतं. आपल्या प्राप्तिकर कायद्यात माणूस वर्षात १८२ दिवस भारतात होता की नव्हता, यावर बरंच काही ठरतं. कुठल्या दिवशी कोण कुठे होता, याचा हाती असलेला पुरावा म्हणजे जुन्या पानांवरचे येण्या-जाण्याचे शिक्के. युरोपात ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, इतर देशही त्याच वाटेवर आहेत. नव्या पासपोर्टची पानं जसजशी कोरीच राहू लागतील, तसतशी जुन्या भरलेल्या पानांची किंमत वाढेल.

हस्तलिखित पासपोर्ट अजून काही घरांत आहेत. नोव्हेंबर २०१५ नंतर ते प्रवासाला चालत नाहीत, पण पुरावा म्हणून चालतात. शाई फिकी पडण्याआधी त्यांचं प्रत्येक पान स्कॅन करून ठेवा, कोरी पानंसुद्धा, कारण कुठलं पान कोरं होतं हेही कधी कधी सांगावं लागतं.

दिवाळीच्या साफसफाईत कोपरा कापलेली निळी पुस्तिका हाती लागली, तर रद्दीच्या ढिगात टाकू नका आणि जाळूही नका. आधी उघडून आत चालू व्हिसा आहे का ते पाहा. असेल, तर ज्याचा आहे त्याला त्याच दिवशी फोन करा. नसेल, तर नव्या पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत एका पाकिटात घालून, पाकिटावर नाव आणि दोन्ही क्रमांक लिहून ठेवा. आणि कोपरा न कापलेली, कधीकाळी 'हरवली' म्हणून तक्रार दिलेली पुस्तिका सापडली, तर ती मात्र घरात ठेवू नका. पासपोर्ट कार्यालयात जमा करा आणि पोच जपून ठेवा.